आकड्यांची सावड



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला की श्रोत्यांच्या मनात एखादी लढाई, एखादा किल्ला किंवा एखादे राजघराणे उभे राहते. मी आज जो इतिहास सांगणार आहे त्यात तलवार नाही. त्यात एक दोरी आहे, चार खुंट्या आहेत, एक तराजू आहे आणि कागदावर मांडलेले आकडे आहेत. तरीही या इतिहासाने आपल्या घरातल्या चुलीवर जेवढा परिणाम केला, तेवढा पुष्कळशा लढायांनी केला नसेल.

पालमच्या बाजारात सोयाबीनची पोती घेऊन येणारा शेतकरी घ्या, आणि मुंबई-पुण्याच्या कारखान्यात राबणारा त्याचा सख्खा भाऊ घ्या. पीक बुडाले तर थोरल्याला किती भरपाई मिळायची, हे मंडळातल्या काही शेतांत केलेल्या पीक कापणी प्रयोगांच्या आकड्यावर ठरते. धाकट्याचा महागाई भत्ता किती वाढायचा, हे ग्राहक किंमत निर्देशांक नावाच्या आकड्यावर ठरते. दोघेही त्या आकड्यापुढे हात जोडून उभे असतात. आकडा बरोबर की चूक यावर वादही होतात, आणि ते झालेच पाहिजेत. परंतु आकडा काढणाऱ्या माणसाला आकडा काढायला शिकवले कोणी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आजचे व्याख्यान त्या प्रश्नाविषयी आहे.

आपल्याकडे शेतीत सावड म्हणून एक रीत आहे. माझ्या पेरणीला तुझे बैल आणि तुझी माणसे, तुझ्या पेरणीला माझी. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब मात्र चोख. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याचेही रान सावडीमुळे वेळेवर पेरले जाते. आपल्या देशात सरकारी आकडेमोड जी उभी राहिली, ती अशीच सावडीने उभी राहिली. सरकारजवळ माणसे होती पण विद्या नव्हती. विद्यापीठांजवळ आणि संशोधन संस्थांजवळ थोडी विद्या होती, पण खेडोपाडी जाणारी माणसे नव्हती. दोघांनी एकमेकांना माणसे उसनी दिली. ही सावड जिथे नेकीने चालली तिथे आकडा सुधारला. जिथे सावडीची वेठ झाली तिथे आकडा बिघडला. माझे सांगणे एवढेच आहे. आता त्याचा पुरावा देतो.

जुन्या काळी पिकाचा अंदाज नजरेने होत असे. सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आले, हे गावचा पाटील, पटवारी आणि वरचा अंमलदार शिवारावर नजर टाकून ठरवीत. तिलाच आणेवारी म्हणत. १९५७ साली दशमान नाणी आली, आण्याचा पैसा झाला आणि आणेवारीची पैसेवारी झाली; परंतु नजर तीच राहिली. नजरेत दोष असतो म्हणजे माणूस लबाडच असतो असे नव्हे. सारा वसूल करणाऱ्याला पीक बरे दिसते आणि सारा भरणाऱ्याला ते वाईट दिसते, हा मनुष्यस्वभाव आहे. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. दप्तर उर्दूत आणि साल फसली. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा दोन निरनिराळ्या दप्तरांचे आकडे एकाच वहीत मांडण्याची पाळी आली. ती वही कोण मांडणार आणि त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न तेव्हा खरोखर बिकट होता.

नजरेऐवजी चिठ्ठी टाकून शेत निवडावे आणि तिथले पीक कापून वजन करावे, ही कल्पना आपल्या देशात पहिल्यांदा पद्धतशीरपणे राबवली ती जे. ए. हबॅक नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने. १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात भातपिकावर त्याने हा प्रयोग केला आणि १९२७ साली त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. हबॅक हा काही पेशाने गणिती नव्हता. तो कलेक्टरी करणाऱ्यांच्या जातीचा. त्याच्या कामाचे महत्त्व पुढे विद्वानांनी ओळखले. परंतु त्या काळी एक अधिकारी बदलून गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाई, कारण ती दुसऱ्याला शिकवण्याची सोय कुठेच नव्हती.

याच सुमारास मुंबईत निराळ्या प्रकारचा आकडा जन्माला आला. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस म्हणजे कामगार कचेरी उघडली आणि त्याच वर्षी तिचे ‘लेबर गॅझेट’ निघू लागले. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली होती, गिरण्यांत संपांमागून संप होत होते, आणि मजुराला जगायला किती लागते हे सरकारला कळेनासे झाले होते. म्हणून चाळीचाळींतून कुटुंबांचे जमाखर्च गोळा करण्यात आले. तांदूळ किती, डाळ किती, रॉकेल किती, भाडे किती, सावकाराचे व्याज किती. त्यावर आधारलेला अहवाल फिंडले शिरास यांच्या नावाने १९२३ साली बाहेर पडला. पुढे १९३२-३३ मध्ये पुन्हा अशीच पाहणी झाली, आणि जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष पायाभूत धरून मुंबईचा नवा निर्देशांक सुरू झाला. हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्याची गोष्ट पुढे येणार आहे.

कामगार कचेरीतल्या अन्वेषकाला संख्याशास्त्राची पदवी नव्हती. ती मिळण्याची सोयच मुंबईत नव्हती. तो काम करता करता शिकला. त्याचे काम वाईट होते असे मी म्हणत नाही. ज्या काळात मजुराच्या ताटाकडे कोणी पाहत नव्हते, त्या काळात त्याने ते पाहिले आणि लिहून ठेवले. परंतु आपण लिहिलेले बरोबर की चूक, हे सांगणारा दुसरा जाणता त्याला शेजारी नव्हता. एकट्याच्या विद्येला हा धोका असतोच.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा उद्योग कलकत्त्यास झाला. प्रशांतचंद्र महालनोबीस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. कॉलेजातल्याच एका खोलीत त्यांनी संख्याशास्त्राची प्रयोगशाळा मांडली, आणि तिच्यातून डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली. १९३३ पासून तिचे ‘सांख्य’ हे नियतकालिक निघू लागले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे रोनाल्ड फिशर भारतात आले आणि पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष झाले. त्या काळी या विद्येतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे फिशर. तोसुद्धा आपल्याकडे उसनाच आला होता!

महालनोबीसांच्या कामातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती त्यांच्या सूत्रांत नाही; ती माणसे वाटून घेण्याच्या त्यांच्या रीतीत आहे. संस्थेने सरकारी नोकरांसाठी शिक्षणक्रम चालवले. १९४१ साली कलकत्ता विद्यापीठाने संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग उघडला, तेव्हा त्याची धुरा महालनोबीसांकडेच आली आणि संस्थेतली माणसे तिथे जाऊन शिकवू लागली. म्हणजे सकाळी जो मनुष्य बंगालच्या तागाच्या पाहणीचे आकडे तपासी, तोच दुपारी वर्गात फळ्यापुढे उभा राही. विद्यार्थ्याला कोरडे गणित मिळत नसे, त्या गणितावर शेताचा चिखल असे. उलट पाहणीच्या कामालाही विद्यार्थ्यांच्या शंकांचा फायदा होई. सावडीत दोन्ही रानांना लाभ होतो तो असा.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सातारा जिल्ह्यातले बुध हे लहानसे गाव. तिथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनला गेले, तिथे संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९४० साली दिल्लीला शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. त्यांच्या जोडीला दुसरे मराठी नाव घ्यावे लागते ते विनायक गोविंद पानसे यांचे. पानशांनी रा. ज. कळमकर यांच्यासह १९४२-४३ च्या हंगामात वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, कापसावर यादृच्छिक नमुन्याने पीक कापणीचा प्रयोग केला. सुखात्म्यांनी त्यानंतर उत्तरेत गव्हावर तसेच काम केले.

प्रयोगाची रीत अशी. तालुक्यातल्या गावांच्या यादीतून चिठ्ठीने काही गावे निवडायची. गावातल्या सर्व्हे नंबरांतून पुन्हा चिठ्ठीने शेत निवडायचे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहून, कोष्टकातून आलेल्या आकड्यांइतकी पावले लांबीकडे आणि रुंदीकडे टाकायची. जिथे पाऊल थांबेल तिथे खुंटी ठोकायची. त्या खुंटीपासून ठरावीक मापाचा चौकोन दोरीने आखायचा, आतले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. नंतर थोडा नमुना वाळवून पुन्हा तोलायचा. यात कुठेही “हा तुकडा बरा दिसतो, इथेच कापू” असे म्हणण्याची मुभा नाही. जिथे नशिबाची चिठ्ठी नेईल तिथेच कापायचे, मग तिथे पीक उभे असो की उफळलेले असो. पद्धतीचे सारे तेज या एका नियमात आहे.

इथे महालनोबीस आणि सुखात्मे या दोघांत मोठा वाद झाला, आणि आजच्या विषयाचा गाभा त्या वादात आहे. वादाचा एक भाग मापाचा होता. कलकत्त्याची मंडळी लहान तुकडे कापीत. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की लहान तुकड्याने उत्पादन फुगते. त्याचे कारण आपल्याला सहज समजेल. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर लांब-रुंद चौकोनाला चार मीटर कड असते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोनात पन्नास चौरस मीटर जागा असते आणि कड तीस मीटर. म्हणजे लहान तुकड्यात एका चौरस मीटरमागे चार मीटर कड, आणि मोठ्यात ती अवघी शून्य पूर्णांक सहा मीटर. कड जितकी जास्त, तितकी चूक जास्त. आजही सोयाबीन-ज्वारीसारख्या पिकांना बहुधा दहा गुणिले पाच मीटरचाच तुकडा आखतात.

वादाचा दुसरा भाग माणसांचा होता, आणि तो अधिक गहन होता. महालनोबीसांचे म्हणणे असे की, मोजणीसाठी स्वतंत्र, पूर्णवेळ, खास शिकवलेली माणसे हवीत. महसूल खात्याचा नोकर शंभर कामांत गुंतलेला. त्याला आकड्याची आच नसते, आणि ज्या खात्याला साऱ्याशी कर्तव्य आहे त्याच खात्याने पीक मोजू नये. म्हणून त्यांनी दोन स्वतंत्र टोळ्यांनी एकाच भागाची पाहणी करायची आणि दोघींचे आकडे ताडून पाहायचे, अशी युक्तीही काढली. सुखात्मे आणि पानसे यांचे म्हणणे असे की, एवढ्या अफाट देशात स्वतंत्र फौज उभारण्याइतका पैसा येणार कोठून? गावोगाव जो नोकर आधीच आहे, ज्याला शिवार आणि बांध ठाऊक आहेत, त्यालाच नीट शिकवा आणि त्याच्या कामावर संख्याशास्त्रज्ञाची देखरेख ठेवा. दिल्लीच्या परिषदेने मग प्रांतोप्रांतीच्या महसूल आणि शेती खात्यांतल्या माणसांना शिकवण्यासाठी आपली माणसे दिली. १९४५ पासून तिथे संख्याशास्त्राचे शिक्षणवर्ग सुरू झाले. १९५२ साली अन्न व शेती संघटनेने फ्रँक येट्स आणि डी. जे. फिने हे दोन इंग्रज तज्ज्ञ सल्ल्यासाठी धाडले. १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींवर लिहिलेले पुस्तक निघाले, आणि शेती कॉलेजांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९५९ साली परिषदेच्या या शाखेची स्वतंत्र संस्था झाली.

दोघांत बरोबर कोण? तुकड्याच्या मापात सुखात्मे बरोबर ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही. माणसांच्या प्रश्नात देशाने सुखात्म्यांचा मार्ग पत्करला, कारण तो परवडणारा होता. परंतु महालनोबीसांनी दिलेला इशारा मात्र आपण पुरता ऐकला नाही, आणि त्याची किंमत आपल्या भागाला अजून मोजावी लागते आहे.

स्वातंत्र्यानंतर या सावडीला देशव्यापी रूप आले. १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबीस तिचे अध्यक्ष, व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे सभासद. तिघांपैकी कोणीही सचिवालयातला मनुष्य नव्हता. तिघेही विद्यालयांतून आणि संशोधन संस्थांतून सरकारला उसने मिळालेले. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत १,८३३ खेडी होती. क्षेत्रावर जाणारे अन्वेषक सरकारचे, आणि आराखडा व आकड्यांची छाननी कलकत्त्याच्या संस्थेची. काही गावांपुरती गोखले संस्थेने तयार केलेली प्रश्नपत्रिका वापरण्यात आली. म्हणजे सरकारचे पाय, कलकत्त्याचे डोके आणि पुण्याचा हात, असे ते काम होते. त्याच १९५० साली कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र शिक्षण केंद्र उघडले आणि आशियातल्या अन्य देशांचे सरकारी नोकर तिथे शिकायला येऊ लागले. सुखात्मे १९५१ साली अन्न व शेती संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत तिच्या संख्याशास्त्र विभागाचे काम त्यांनी पाहिले. ज्या देशाने काल इंग्लंडहून गुरू उसने आणले, तो देश आज जगाला गुरू देऊ लागला. सावडीचे उसने असे फिटते.

महाराष्ट्रातही या विद्येची घरे उभी राहिली. मुंबई विद्यापीठात १९४८ साली संख्याशास्त्राचा विभाग निघाला. पुणे विद्यापीठात १९५३ साली कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी या विषयाचा पाया घातला. तेव्हापासून सरकारी कचेरीला लागणारा जाणता मनुष्य कलकत्त्याहूनच आणावा लागे, अशी स्थिती राहिली नाही.

आता १९६३ सालाकडे वळतो. मी कामगार संघटनेत आयुष्य काढलेला मनुष्य. शाळा लवकर सुटली आणि आकडे जे शिकलो ते कामगारांच्या पगारपत्रकांवरून. म्हणून हे प्रकरण मला जवळचे वाटते.

मुंबईच्या गिरणी कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला होता. तो निर्देशांक १९३३-३४ च्या पायावर उभा होता. म्हणजे १९६३ साली बाजारात जाणाऱ्या कामगाराचा खर्च मोजायचा, तो त्याच्या बापाच्या काळच्या टोपलीने! उदाहरणार्थ, समजा तीस वर्षांपूर्वी शंभर रुपयांतले दहा रुपये एखाद्या वस्तूवर जात, आणि आता तिच्यावर वीस जातात. त्या वस्तूचा भाव दुप्पट झाला, तर जुन्या टोपलीच्या हिशेबाने खर्च दहा रुपयांनी वाढला आणि नव्या टोपलीच्या हिशेबाने वीस रुपयांनी. आकडा काढणाऱ्याने बेरजेत एकही चूक केलेली नसते. टोपलीच जुनी झालेली असते. कामगाराला बेरीज कळत नसे, पण आपली पिशवी महिनाअखेर रिकामी राहते आणि निर्देशांक जागचा हलत नाही, हे त्याला पक्के कळत होते.

२० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबई बंद झाली. महागाई आणि सक्तीची बचत यांच्याबरोबर खोट्या निर्देशांकाची तक्रारही त्या बंदमागे होती. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्याकडे दिले. समितीने निर्देशांक उघडून पाहिला आणि तो वास्तवापेक्षा कमी दाखवला जात आहे, असा निर्वाळा देऊन दुरुस्ती सुचवली. कामगाराचे म्हणणे खरे ठरले.

या प्रकरणातून दोन धडे निघतात. पहिला असा की, सरकारी आकड्याला बाहेरच्या डोळ्याची गरज असते. लकडावाला जर सरकारी कचेरीत नोकर असते, तर हा निर्वाळा देणे त्यांना इतके सोपे गेले नसते. आणि दिला असता तरी कामगारांनी त्यावर इतका विश्वास ठेवला नसता. विद्यापीठाने आपला मनुष्य काही काळ शासनाला दिला आणि मग तो परत विद्यापीठात गेला. परत जायला जागा होती म्हणून त्याला खरे बोलता आले. उसन्या माणसाचे हे मोठे बळ आहे. दुसरा धडा असा की, विद्या फक्त सरकारच्या आणि विद्यापीठाच्या बाजूला असून भागत नाही. ज्याच्यावर आकडा लागू होतो, त्यालाही तो वाचता आला पाहिजे. मुंबईच्या कामगार संघटनांत निर्देशांक समजणारी माणसे होती, म्हणून तक्रारीला नेमका शब्द मिळाला. नाही तर ती नुसती ओरड ठरली असती. पुढे १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी पायाभूत वर्षे बदलत गेली. प्रत्येक बदलाच्या वेळी जुना आणि नवा आकडा जोडण्याचा प्रश्न येतोच, आणि प्रत्येक वेळी कामगारांच्या बाजूने एक तरी जाणता हवा असतो.

शेतकऱ्याच्या आकड्याची पुढची कथा पुन्हा पुण्याकडून सुरू होते. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर हे साताऱ्यात जन्मलेले. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली नमुना पाहणीच्याच आकड्यांवरून भारतातल्या दारिद्र्याचे मोजमाप प्रसिद्ध केले, हे पुष्कळांना माहीत आहे. पण १९७६ साली दांडेकरांनी पीक विम्याचा जो विचार मांडला, तो आपल्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजत बसणे अशक्य. म्हणून सारखे हवामान आणि सारखी जमीन असलेला एक टापू धरावा, त्या टापूचे सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगांनी काढावे आणि ते नेहमीपेक्षा जितके घटले असेल त्या मानाने टापूतल्या सर्वांना भरपाई द्यावी. १९८५ सालची सर्वंकष पीक विमा योजना या तत्त्वावर बेतलेली होती आणि २०१६ सालच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही ते तत्त्व आहे. म्हणजे अकोल्याच्या कापसात १९४२-४३ साली आखलेला चौकोन आज पालम तालुक्यातल्या सोयाबीनच्या भरपाईचा पाया झाला आहे. एके काळी तो चौकोन देशाच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्यापुरता होता. आता तो घराघरात येणारा पैसा ठरवतो.

इथेच गाडी अडते. मूळ प्रयोग जिल्ह्याचा किंवा प्रांताचा अंदाज काढण्यासाठी होता. तिथे थोड्या प्रयोगांत भागत असे. विम्याला मंडळाचा, कधी गावाचा आकडा हवा असतो. एका मंडळात एका पिकाला दहा प्रयोग धरले, तर सोयाबीन, कापूस, तूर, मूग, ज्वारी असे करीत तालुक्यात ते शेकड्यांवर जातात, आणि हे सारे कापणीच्या त्याच दोन-चार आठवड्यांत उरकायचे असते. ते करणार कोण? तलाठी, ज्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक, आणि शेती खात्याचा गावपातळीवरचा सहायक. यांना त्याच दिवसांत पंचनामे असतात, निवडणुका असतात, अनुदानाच्या याद्या असतात. त्याला एका दुपारी तालुक्याच्या सभागृहात बसवून पद्धत सांगायची आणि दुसऱ्या दिवसापासून प्रयोग करायला धाडायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. सुखात्मे-पानशांच्या योजनेत दोन भाग होते: गावच्या नोकराने मोजावे, आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्याने त्याच्याबरोबर शेतात उभे राहावे. आपण पहिला भाग ठेवला आणि दुसरा पातळ केला. सावडीची वेठ झाली ती अशी.

वेठीने केलेले काम कसे होते हे मराठवाड्याला सांगायला नको. २०१७ च्या खरिपातील सोयाबीनच्या विम्यावरून २०१८ साली परभणीत शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्यात भरपाईचा आकडा कोणत्या टापूवरून आणि कसा काढला, हाच वाद होता. आता उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उत्पादनाचा अंदाज काढून त्यालाही काही पिकांत वाटा दिला जातो. ते स्वागतार्ह आहे. पण उपग्रहालाही जमिनीवरच्या तराजूशी ताडून पाहावेच लागते. आणि तराजू धरणारा हात जर दमलेला व अर्धवट शिकलेला असेल, तर आकाशातून पाहूनही उजेड पडणार नाही.

कोणी म्हणेल, तलाठ्याचे दोष झाकण्यासाठी हा कामगार पुढारी त्याचा कैवार घेतो आहे. तसे नाही. चिठ्ठीचे शेत सोडून रस्त्याकडेच्या शेतात प्रयोग उरकणारा नोकर दोषी आहेच, आणि त्याला जाब विचारलाच पाहिजे. परंतु जो मालक मजुराला हत्यार देत नाही, हत्यार चालवायला शिकवत नाही आणि वेळही देत नाही, त्या मालकाला बिघडलेल्या मालाबद्दल नुसत्या मजुराला दंड करता येत नाही. कारखान्यात जो न्याय, तोच शिवारात.

मग करावे काय? इतिहासाने दाखवलेल्या वाटेनेच जावे. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे संख्याशास्त्र शिकवणारे अध्यापक आहेत आणि ते शिकणारी मुलेमुली आहेत. कापणीच्या हंगामात विद्यापीठाने आपली माणसे काही आठवडे महसूल आणि शेती खात्याला द्यावीत. ती तालुक्याच्या सभागृहात न बसता शेतात उभी राहावीत. उलट दरवर्षी काही तलाठी आणि शेती सहायक कामातून मोकळे करून, पूर्ण पगारावर, विद्यापीठात काही महिने शिकायला पाठवावेत. दोघांचा हिशेब उघड असावा. आणि महालनोबीसांची दोन टोळ्यांची युक्ती आता तरी अमलात आणावी: मंडळातल्या काही प्रयोगांची दुसऱ्या, स्वतंत्र माणसांकडून फेरमोजणी व्हावी आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. यासाठी नवी खाती नकोत. आहेत तीच घरे एकमेकांच्या अंगणात गेली पाहिजेत.

शेवटचा भाग आपल्याकडे आहे. प्रयोगाच्या दिवशी शेतात हजर राहण्याचा, माप पाहण्याचा, वजन वाचण्याचा आणि कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद वाचून घेण्याचा उद्योग गावातल्या चार माणसांनी करावा. त्यासाठी पदवी लागत नाही. दोरी किती लांब आहे, कोपरा कोणता धरला, कडेचे ताट आत गेले की बाहेर राहिले, एवढे पाहता आले तरी पुरे. मुंबईच्या कामगाराने १९६३ साली निर्देशांक वाचायला शिकून आपला भत्ता वाचवला. पालमच्या शेतकऱ्याने दहा गुणिले पाचचा चौकोन वाचायला शिकावा. ज्या आकड्यावर आपले वर्ष अवलंबून आहे तो दुसऱ्याने काढावा हे रास्त आहे. पण तो आपल्याला न कळता काढला जावा, हे मात्र रास्त नाही.